रशियन घड्याळातला मंगळ

ऑपरेशनलाही मुहूर्त लागतो हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. नांदेडच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळ्या तुंबल्याचं सांगितलं, बायपास करावी लागेल म्हणाले, आणि वर हसून विचारलं, "तुमचं काही बघायचं असेल तर बघून घ्या, आम्ही तशी तारीख देतो." मला वाटलं ते विम्याचं म्हणताहेत. शेजारी बसलेल्या बायकोला मात्र बराबर कळलं. ती म्हणाली, "व्हय, पत्रिका बघून फोन करतो."

मी हिंगोलीत एका शाळेत भूगोल शिकवतो. आमचं घराणं मूळचं नरसीचं, जोशीपण करणारं. वडील पंचांग सांगायचे, पत्रिका करायचे. मी त्या वाटेला गेलो नाही. ग्रह मला फळ्यावर काढायला आवडतात. ते माझ्या घरात येऊन ठाण मांडतात हे मला कधी पटलं नाही. तरी एक बसलाच. वडिलांनी स्वतःच्या हातानं केलेल्या माझ्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ आहे. सातवं घर जोडीदाराचं. तिथं मंगळ असला की तो जोडीदाराला खातो म्हणतात. त्यामुळं माझं लग्न काही वर्षं रखडलं. मुलगी बघायला जायचं, पोहे खायचे, गोड बोलायचं, आणि पत्रिका पुढं केली की समोरच्यांना एकदम एसटीची वेळ आठवायची. शेवटी कळमनुरीकडच्या एका भिक्षुकांच्या मुलीचं स्थळ आलं. तिच्या पत्रिकेतही मंगळ. मंगळाला मंगळ मिळाला की दोघांचा दोष फिटतो, असं शास्त्र. आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही कुणाला विचारलं नाही. लग्न झालं. बरं झालं, असं मला अजूनही वाटतं.

तर पत्रिका काढायला म्हणून तिनं माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. पत्रिकेच्या नळकांड्याशेजारी एका रेशमी चिंधीत वडिलांचं रशियन घड्याळ निघालं. या घड्याळाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका यजमानाच्या मुलानं ते वडिलांना दिलं होतं, एवढं ठाऊक होतं. पण मला कळायला लागल्यापासून वडिलांच्या मनगटावर साधं देशी घड्याळच असायचं, आणि रशियन घड्याळ ही आमच्या घरात फक्त सांगायची गोष्ट होती. मी चिंधी सोडली, काच पुसली, किल्ली दिली. ते चक्क चालू झालं. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या कानाला लावलं.

ती कानानं ऐकत होती आणि डोळ्यांनी बघत होती. "यावर चोवीस आकडे काहून आहेत?" तिनं विचारलं.

खरंच होते. वर मध्यभागी चोवीस, अगदी खाली बारा. लहान काटा दिवसातून एकदाच फिरणार. म्हणजे नेहमीच्या घड्याळात जिथं दोन असतात तिथं यावर चार, जिथं तीन तिथं सहा. मी खूष होऊन तिला समजावायला लागलो. हे ध्रुवावर जाणाऱ्यांसाठी केलेलं असणार. तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात उगवत नाही, त्यामुळं पहाटेचे चार की दुपारचे चार हे माणसाला कळायचं कसं? माझ्या आवडीचा धडा आहे तो. मी हात हलवत सांगत होतो, आणि तिच्या हातातली पोह्यांची कढई तशीच राहिली होती.

"तुमच्या जन्माची वेळ कोणी पाहिली व्हती?" तिनं विचारलं.

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझा जन्म नरसीच्या घरी झाला, वडील परगावी पूजेला गेलेले. घड्याळ घरीच ठेवून गेले होते, कारण बाळंतपण जवळ आलेलं आणि वेळ नोंदायला हवी. सुईणीनं ताटावर पळी वाजवली की वेळ बघायची, हे काम धाकट्या काकांकडं. त्यांनी बघितली. रात्रीचे दोन. त्यावर पत्रिका झाली आणि त्या पत्रिकेत मंगळ निघाला.

आता काकांचं असं होतं. ते निजामाच्या काळात दोन-तीन इयत्ता उर्दू शाळेत गेलेले. उर्दू आकडे यायचे, मराठी यायचे; इंग्रजी आकड्यांशी त्यांची ओळख नव्हती आणि ती करून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. घड्याळ ते काट्याच्या जागेवरून बघत. काटा डोक्यावर म्हणजे बारा, पायाशी म्हणजे सहा. गावात कितीतरी माणसं तशीच बघायची आणि कुणाचं काही अडायचं नाही. पण हे घड्याळ जर त्यांनी तसं बघितलं असेल, तर त्यांना दोन दिसले तेव्हा चार वाजलेले असणार.

माझ्या बायकोचे वडील जोशी, सासरेही जोशी. बोटांच्या पेरांवर राशी मोजणं तिला मेथी निवडण्याइतकं सोपं. तिनं तिथंच उभ्या उभ्या अंगठा पेरांवरून फिरवला. जन्मवेळेला पूर्वेला जी रास उगवत असते ती साधारण दोन तासांनी बदलते, आणि ती बदलली की पत्रिकेतली सगळी घरं एकेक सरकतात. दोन धरले तर मंगळ सातवा. चार धरले तर सहावा. सहाव्या मंगळाला कुणी मंगळ म्हणत नाही.

"म्हणजे तुमाला मंगळ नसलच कदाचित," ती म्हणाली आणि खाली बसली.

मी हसलो. एवढी वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली तो ग्रह घड्याळाच्या तबकडीवरून घसरून पडला, याचं हसू येणार नाही तर काय! पण ती हसली नाही. ही बाई सहसा घाबरत नाही. घरात साप निघाला तर मी खुर्चीवर उभा राहतो आणि ती काठी शोधते. तिचा चेहरा तसा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला. ती म्हणाली, "हे नक्की व्हईस्तोवर नांदेडला जायचं न्हाई."

मी माझ्या परीनं अर्थ लावला. तिला मंगळ आहे, मला नाही, मग तिचा मंगळ आता माझ्यावर येणार. आणि मी तर छाती उघडून टेबलावर झोपायला निघालेलो. बिचारीला वाटत असणार की आपल्या पायगुणानं नवरा जाणार. मला तिची फार कीव आली. पुण्याहून मुलीचा फोन आला, तिला सांगितलं तर ती ओरडली, "बाबा, तुम्ही भूगोलाचे सर आहात ना? आईला सांगा काहीतरी!" सांगून बघितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि पूजेची सुपारी बदलावी तसा विषय बदलला. डॉक्टरांच्या दवाखान्यातून तारखेसाठी दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तिनं "कळवतो" म्हणून ठेवला.

मग मी विचार केला, दोन की चार हे आता काकांना विचारता येणार नाही, ते गेले, वडीलही गेले. पण घड्याळाला तर इतिहास आहे! चोवीस आकड्यांची घड्याळं त्या कारखान्यात माझ्या जन्मानंतर निघाली असतील, तर माझ्या जन्माच्या वेळी घरात दुसरंच कुठलं तरी बारा आकड्यांचं घड्याळ असणार. मग काका बरोबर, दोन बरोबर, मंगळ खरा, बायको निवांत. आयुष्यभर जो मंगळ नको होता तो सिद्ध करायला मी मोबाइल घेऊन बसलो. छातीत मधूनच कळ येत होती, आणि मी रशियात हिंडत होतो.

काय तो कारखाना! सुरुवात घड्याळांची नव्हेच. कुण्या झारनं राजवाड्यासाठी रंगीत दगड कापायला तो समुद्राकाठी काढलेला. झार गेले, क्रांती आली, तरी दगड कापणं चालूच. मालक बदलला, करवत तीच. पुढं घड्याळाच्या चाकांखाली बसवायचे बारीक खडे तिथं व्हायला लागले. मग लढाई आली आणि जर्मनांच्या वेढ्यात सगळं जमीनदोस्त झालं. लढाईनंतर पुन्हा भिंती उभ्या राहिल्या आणि तेव्हा कुठं घड्याळं बनायला लागली. माणूस अंतराळात गेला त्या आनंदात घड्याळांचं बारसं झालं. खलाशांसाठी वेगळी घड्याळं, आंधळ्यांसाठी बोटांनी चाचपायची वेगळी, आणि ध्रुवावर जाणाऱ्यांसाठी ही आमच्या ट्रंकेतली. कारखान्यातच कामगारांच्या पोरांची शाळा, दवाखाना, सगळं. नंतर देशच फुटला. एवढा मोठा कारखाना ओस पडला आणि कसाबसा चार खोल्यांत तगला. अलीकडं पुन्हा सावरलाय म्हणे. वाचताना मी मंगळ विसरून जायचो. आमच्या हिंगोलीतली जुनी छोटी रेल्वे बंद पडली तेव्हा इथंही असंच काहीसं झालं असेल का, असलं भलतंच मनात यायचं, आणि मग एकदम आठवायचं की आपल्याला साल हवंय.

सालच मिळेना. एक जण लिहितो, ध्रुवाची पहिली मोहीम निघाली तेव्हा ही घड्याळं केली. दुसरा लिहितो, छे, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तिसऱ्याच्या मते पहिली थोडी फक्त मोहिमेतल्या माणसांनाच दिली, बाजारात नंतर आली. आणि ही सगळी सालं नेमकी माझ्या जन्माच्या आगेमागे घुटमळणारी. त्यात चौथा एक शहाणा निघाला. त्यानं लिहिलं होतं की हिंदुस्थानात फिरणाऱ्या रशियन घड्याळांवर विश्वास ठेवू नका, मुंबईत कारागीर जुन्या तबकड्या खरवडून नव्या रंगवतात. मी घाबरून घड्याळ दिवसभर समोर ठेवलं. शाळेला सुट्टी होती, दुसरं काम नव्हतं. काटा खरोखरच दिवसात एकच फेरा करत होता, म्हणजे आतली चाकंही चोवीसचीच. रंगवलेलं नव्हतं. एवढं एक नक्की झालं, आणि त्याचा उपयोग शून्य.

राहता राहिली आत्या. वडिलांची बहीण, नव्वदीकडं झुकलेली, जवळा बाजारला मुलाकडं असते. माझ्या जन्मावेळी ती नरसीत होती. बायकोला न सांगता मी एसटीत बसलो. बाजाराचा दिवस होता, उतरल्यावर गर्दीतून चालताना दम लागला आणि मला स्वतःचाच राग आला. ज्यानं अंथरुणात पडून राहावं तो माणूस दोन का चार विचारायला गावोगाव हिंडतोय!

आत्या ओट्यावर बसून होती. मी विचारल्याबरोबर तिची कळी खुलली.

"सगळं ध्यानात हाय माझ्या," ती म्हणाली. "कोंबडं आरडलं अन् तू झाला."

मला हायसं वाटलं. कोंबडं म्हणजे पहाट, म्हणजे चार. मग लगेच आठवलं की मला चार नकोत, दोन हवेत.

"नक्की कोंबडंच का, आत्या?"

"कोंबडं कुटचं! जोश्याच्या घरी कोंबडं? तुझे आजोबा खाकरत व्हते. ते मध्यानरातीलाच उठायचे."

"मग घड्याळ कोणतं होतं? हेच का?" मी खिशातून काढून दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"ते सोन्याचं व्हतं."

"आत्या, सोन्याचं नव्हतं गं."

"मंग हेच. पण तुझ्या बापानं हे लई दिवस घातलं न्हाई. यजमान त्याच्या मनगटाकडं पाहायचे अन् म्हणायचे, महाराज, मुहूर्त तं कवाच टळला. रोजची तकलीफ. कटाळून त्यानं पेटीत टाकलं." तिनं घड्याळ परत दिलं आणि सहज बोलावं तसं बोलली, "तुझा बाप गावाहून आला तवा त्यानं तुझ्या काकाला इचारलं ना, काटा कुटं उबा व्हता ते दाखीव. काकानं भितीवर बोट ठिवून दाखीवलं. म्या पाहून राहिले व्हते."

मी ओट्यावरच बसकण मारली. वडिलांना घड्याळ कळत होतं आणि भाऊही कळत होता. त्यांनी आकडा विचारलाच नाही, जागा विचारली. म्हणजे काकांनी एकच्या जागी बोट ठेवलं असेल आणि वडिलांनी त्याचे दोन केले असतील; तसं असेल तर पत्रिका बरोबर. की काकांनी दोनच्या जागी बोट ठेवलं, आणि मुलगा झाल्याच्या आनंदात वडील दुप्पट करायचंच विसरले?

"आत्या, बोट कुठं ठेवलं होतं? भिंतीवर वर, का जरा खाली?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "लेकरा," ती म्हणाली, "भितीवर घड्याळ न्हवतं. नुसती भित व्हती. वर अन् खाली म्या काय सांगू?"

तिनं मला ताक पाजलं आणि गाडीत बसवून दिलं. येताना मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. निघालो तेव्हा दोन शक्यता होत्या, परतताना त्यांच्या चार झाल्या होत्या, आणि प्रत्येक खरी वाटत होती. शेवटी एक युक्ती सुचली. बायकोला म्हणायचं, मला मंगळ नसता तर तुझ्या मंगळानं मला कधीच उचललं असतं. ज्याअर्थी इतकी वर्षं मी टिकलो, त्याअर्थी मला मंगळ आहे. शास्त्राला शास्त्रानंच उत्तर. हा मुद्दा मला इतका बिनतोड वाटला की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावासा वाटला.

घरी आलो तेव्हा ती व्हरांड्यात तुरीची डाळ पाखडत होती. मी कुठं जाऊन आलो ते तिला कळलंच होतं, आत्याच्या मुलानं फोन केला असणार. मी खुर्ची ओढून बसलो आणि मुद्दा मांडला. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला मंगळ न्हाईच," ती म्हणाली.

मला वाटलं ती माझ्याबद्दल बोलते आहे. "तेच तर ठरवायचंय," मी म्हणालो.

"तुमाला न्हाई, मला. माझ्या पत्रिकेत मंगळ न्हवताच. माझ्या वडलांनी वेळ सरकवून नवी पत्रिका केली. तुमचं घर त्यांच्या मनात भरलं व्हतं. म्हणाले, पोरगा गुणाचा हाय, नुसत्या मंगळापायी हातचं स्थळ काहून सोडायचं? लग्नाच्या आधी आईनं मला सांगितलं."

इतक्या वर्षांत ही बाई एका शब्दानं बोलली नव्हती. मग डोक्यात उजेड पडला. तिला मंगळ नाही आणि मला आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. म्हणजे तिच्या शास्त्राप्रमाणं धोका मला नव्हताच कधी.

"मग तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"कशाची? तुमचा मंगळ कडक. मी आधी जाणार, कुंकवासकट. एवढं पक्कं असल्यावर भ्यायचं कशाला?" सूप हलतच होतं. "वारंग्याच्या रस्त्यावर तुमची मोटरसायकल ट्रकखाली गेली तवा सगळ्या बाया माझ्याकडं पाहून राहिल्या व्हत्या, की ही रडत काहून न्हाई. मला ठाऊकच व्हतं, तुमाला काही व्हणार न्हाई. मी घरी येऊन जेवले सुद्धा." सूप थांबलं. "आता ते घड्याळ निघालं. चार असले तर मंग काहीच पक्कं न्हाई. मंग तुमाला त्या टेबलावर मी कशाच्या भरवशावर पाठवू?"

तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. त्या अपघातानंतर ती जेवली होती हे मला तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं, आणि मी ते मनात धरून बरीच वर्षं कुढलो होतो. तिचा हात धरावासा वाटला, पण व्हरांड्यातून रस्ता दिसतो, आणि आमच्यात तशी सवय नाही.

"मग?" डोळे पुसून तिनं विचारलं. "आत्याबाई काय म्हणल्या? दोन का चार?"

"दोन," मी म्हणालो. "वडिलांनी काट्याची जागा विचारून घेतली होती. त्यांनी सगळं हिशोबात धरलं होतं. दोनच."

"नक्की?"

"नक्की."

तिनं तिथल्या तिथं दवाखान्यात फोन लावून तारीख घेतली.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला तिचाच चेहरा दिसला, आणि तो इतका ताजा होता, जणू नरसीला दर्शनाला निघाली आहे. डॉक्टर बोटांवर मोजून काय काय अवघड होतं ते सांगत होते. ती मान डोलवत होती, आणि ते वळल्यावर माझ्याकडं वाकून म्हणाली, "म्हणलं न्हवतं?" आता मी रोज सकाळी फिरायला जातो, शाळेत जिना चढतो.

गेल्या महिन्यात तिला ताप आला. साधाच, हवा बदलल्याचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत उतरेल म्हणाले. ती पडून होती आणि तिथूनच मला डाळीला किती शिट्ट्या द्यायच्या ते सांगत होती, एकदम निश्चिंत. मी ग्रह मानत नाही. पण कुकरसमोर उभा असताना माझा शिट्ट्यांचा हिशोब चुकत होता, आणि मी मनातल्या मनात, ऐकणारं कोण ते न कळता, पुन्हा पुन्हा एकच म्हणत होतो, की त्या रात्री चारच वाजलेले असू देत.